फटफटीवाल्यांच्या मोटारी

घरांत एखादा फटफटीचा शौकीन तरुण असला म्हणजे त्याच्या लग्नाबरोबर एक प्रश्न घरांत यावयाचा हें ठरलेलेंच असतें. पहिल्या वर्षीं सूनबाई हौसेनें पाठीमागें बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं मांडीवर मूल येतें, आणि मग एखाद्या दिवशीं जेवतांना आई विषय काढतात, “बाळ, पुरे झाली आतां ती फटफटी. चार माणसांसारखी एक गाडी घे.” वडील मान डोलवितात, काका लगेच किंमतीचा हिशेब मांडूं लागतात. मुलगाहि “घेतों, आई,” असें म्हणतो. परंतु त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलें असतां याला कोणी दत्तक द्यावयास निघालें आहे कीं काय, असें वाटावें!

या प्रसंगीं दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें असतें, हीच त्यांतली अडचण. मोटारसायकलवर जीव असलेला मनुष्य जेव्हां मोटार घेतो, तेव्हां तो कोणती घेतो आणि त्या मोटारींत काय शोधीत असतो, हा प्रश्न वरवर पाहतां चैनीचा आहे. पण त्याच्या पोटांत हौस आणि घर यांचा जुना तंटा आहे. हा तंटा पाश्चात्य देशांत व जपानांत शंभर वर्षें चालला आहे, आणि त्यांतून कांहीं मोठ्या नामांकित मोटारी जन्माला आल्या आहेत. त्यांची ही हकीकत.

आरंभ तीन चाकांपासून

इंग्लंडांत वुस्टरशायर परगण्यांत मॉल्व्हर्न लिंक नांवाचें गांव आहे. तेथें हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ले मॉर्गन नांवाचा एका धर्मोपदेशकाचा मुलगा मोटारदुरुस्तीचें दुकान चालवीत असे. १९०९ सालीं त्यानें एक तीनचाकी गाडी बनविली. पुढें दोन चाकें, मागें एक. इंजिन मात्र मोटारसायकलचें, दोन सिलिंडरांचें. १९१० सालीं त्यानें ही गाडी लंडनच्या ऑलिंपिया येथील प्रदर्शनांत मांडली. लोकांनीं कौतुक केलें, पण मागणी बेताचीच आली. कारण शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. गाडींत आसन एकच होतें! एकट्यानेंच बसावयाचें, तर फटफटी काय वाईट? मॉर्गननें दुसरें आसन बसविलें, आणि मग मात्र मागणीस तोटा राहिला नाहीं. फटफटीवाला मोटार घेतो ती शेजारीं बसणाऱ्या माणसासाठीं घेतो, हा धडा या धंद्यास पहिल्या वर्षींच मिळाला.

या गाडीची रचना मोठी सुटसुटीत होती. इंजिन अगदीं नाकावर, उघड्यावर बसविलेलें. तेथून गाडीच्या मध्यावरील एका नळींतून दांडा मागें जाई, आणि त्याच्या टोकाशीं दोन साखळ्या असत. दोन गतींसाठीं दोन वेगळ्या साखळ्या. जी गुंतवावी ती मागचें चाक फिरवी. आपल्या रिक्षाला पुढें एक व मागें दोन चाकें असतात, मॉर्गनची मांडणी याच्या उलट. वळणावर ब्रेक लावला म्हणजे गाडीचा भार पुढें व बाहेरच्या अंगास झुकतो. तेथें आधाराला चाक असेल तर गाडी सांवरते, नसेल तर कलंडूं पाहते. म्हणून वेगाच्या शौकिनांस पुढचीं दोन चाकें मानवलीं.

शिवाय कायदाहि अनुकूल होता. ठराविक वजनाच्या आंतील तीनचाकी गाडीवर इंग्लंडांत मोटारीपेक्षां पुष्कळ कमी कर बसे. त्यामुळें बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांत एक जिनाच तयार झाला. लग्नापूर्वीं फटफटी, लग्नानंतर तिच्या बाजूस जोडलेली साइडकार, आणि मूल झाल्यावर तीनचाकी. पुढें १९२२ सालीं ऑस्टिन सेव्हन ही चार चाकांची, चार माणसांची आणि तरीहि लहान अशी गाडी निघाली, आणि या जिन्याला चौथी पायरी लागली. गृहस्थ हळूहळू तिकडे वळले. मॉर्गनच्या कारखान्यानेंहि १९३६ पासून चार चाकांची मोटार सुरू केली, आणि १९५२ नंतर तीनचाकी बंद केली.

गंमत पुढेंच आहे. १९५२ सालीं निरुपयोगी म्हणून बंद झालेली ही गाडी २०११ सालीं त्याच कारखान्यानें पुन्हां काढली. इंजिन अमेरिकन मोटारसायकलच्या जातीचें, दोन सिलिंडरांचें, सुमारें दोन लिटरांचें. पुन्हां नाकावर, पुन्हां उघड्यावर. छप्पर नाहीं, दारें नाहींत. काटकसर म्हणून ती आतां कोणीच घेत नव्हतें. वारा तोंडावर यावा, इंजिनाचे ठोके अंगाला कळावेत, आणि तरीहि शेजारीं एक मनुष्य बसावा, एवढ्यासाठीं लोक पैसे मोजीत होते. २०२१ सालीं तें इंजिन बंद झालें व २०२२ पासून फोर्डचें तीन सिलिंडरांचें इंजिन आलें. तीन चाकें मात्र कायम राहिलीं.

अंड्याच्या आकाराची गाडी

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींत बी.एम.डब्ल्यू. हा कारखाना मोठ्या अडचणींत होता. त्याच्या मोटारी महाग होत्या, आणि मोटारसायकली घेणारे लोक आतां छपराची वाट पाहूं लागले होते. अशा वेळीं इटलींतील इसो नांवाच्या कारखान्यानें काढलेली इसेटा ही अंड्याच्या आकाराची लहानगी गाडी जर्मनांच्या नजरेस आली. तो इटालियन कारखाना मूळचा बर्फाचीं कपाटें व स्कूटर बनविणारा. तेव्हां गाडीचें दार कपाटासारखें समोरूनच उघडावें यांत नवल तें काय? १९५५ सालीं बी.एम.डब्ल्यू.नें परवाना घेऊन तींत आपल्या मोटारसायकलचें २४७ सी.सी.चें, एका सिलिंडरचें इंजिन बसविलें. सुमारें १ लाख ६१ हजार गाड्या विकल्या गेल्या, आणि कारखान्यास धीर आला.

ही गाडी इंग्लंडांत ब्रायटन येथें होऊं लागली तेव्हां तिची एक तीनचाकी आवृत्ति निघाली. मागें जाण्याचा गियर नसला तर अशी तीनचाकी फटफटीच्या परवान्यावर चालवितां येत असे. म्हणून तो गियरच काढून टाकलेल्या गाड्या विकल्या गेल्या. आतां कल्पना करा. गृहस्थ गाडी घेऊन गराजांत शिरले, आणि भिंतीला नाक टेकेपर्यंत पुढें गेले. दार समोर, म्हणून उघडत नाहीं. मागें जाण्याचा गियर नाहीं, म्हणून हलत नाहीं. अशा गृहस्थाला बाहेर काढावयास घरचीं माणसेंच हवींत! फटफटीवाल्यानें कितीहि स्वतंत्रपणा मिरविला तरी मोटारींत बसल्यावर त्याचें कुटुंबावांचून चालत नाहीं, हें येथें अगदीं उघड झालें.

साखळीनें चालणारी मोटार

मोटारसायकलवाल्याच्या मनांतील मोटार कशी असते, हें पहावयाचें तर जपानांत जावें. सोइचिरो होंडा यांची कंपनी १९४८ सालीं निघाली व थोड्याच वर्षांत मोटारसायकलींत तिनें जगभर नांव मिळविलें. पुढें १९६० नंतर, मोटारींच्या धंद्यांत नवीन कारखान्यांस प्रवेश मिळूं नये असा कायदा करण्याचा तेथील सरकारी खात्याचा विचार चालला. होंडा यांनीं घाई केली. १९६३ च्या ऑगस्टमध्यें एक लहान मालगाडी, आणि ऑक्टोबरमध्यें एस ५०० ही दोन आसनांची मोटार त्यांनीं बाजारांत आणली.

या मोटारीचें इंजिन अवघें ५३१ सी.सी.चें, पण त्याला चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर. इतर मोटारी ज्या वेगाला धापा टाकतात, तेथें हें इंजिन नुकतें जागें होई. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर तें ४४ घोड्यांची शक्ति देई. आणि मागचीं चाकें फिरत तीं साखळ्यांनीं! प्रत्येक चाकाला पेटींत बंद केलेली, तेलांत चालणारी स्वतंत्र साखळी होती. ज्या कारागिराचा हात जन्मभर फटफटीवर बसला, त्यानें मोटार केली तरी ती मनानें फटफटीच राहिली. आजहि जुन्या गाड्यांचे शौकीन, विशेषतः मोटारसायकलवाले, या मोटारीवर जीव टाकतात.

दोन शर्यतबहाद्दर

आतां दोन माणसांच्या गोष्टी. जॉन सर्टीस यानें १९५६ ते १९६० या काळांत मोटारसायकलचीं सात जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं, आणि १९६४ सालीं फेरारीच्या मोटारींतून फॉर्म्युला वनचें अजिंक्यपदहि मिळविलें. दोन्हींत अजिंक्य ठरलेला असा पुरुष आजवर एकच. १९५६ च्या विजयानंतर मोटारसायकलच्या कारखान्याच्या धन्याच्या साह्यानें त्याला बी.एम.डब्ल्यू. ५०७ ही मोटार मिळाली. ही मोटार फार देखणी आणि फार महाग. साऱ्या मिळून अडीचशेंच्या आसपासच निघाल्या, आणि कारखान्याला त्यांत खोटच आली. सर्टीसनें मात्र ती १९५७ पासून २०१७ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षें जवळ ठेविली. पुढच्याच वर्षीं तिचा ३८ लाख पौंडांवर लिलांव झाला. पैशाचा आंकडा मोठा आहे खरा. पण आम्हांस मोल वाटतें तें साठ वर्षांचें.

दुसरी गोष्ट सांगतांना लेखणी अडखळते. माइक हेलवुड यानें मोटारसायकलचीं नऊ जागतिक अजिंक्यपदें मिळविलीं. पुढें तो मोटारींच्या शर्यतींत उतरला. १९७३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील क्यालामी येथें एका प्रतिस्पर्ध्याची मोटार पेटली, तेव्हां त्यानें आगींत शिरून त्याला बाहेर काढलें. या धैर्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळालें. १९७८ सालीं, मोठ्या खंडानंतर, तो आइल ऑफ मॅनच्या त्या भयंकर रस्त्यावर फटफटीनें पुन्हां उतरला, आणि जिंकला. १९८१ च्या मार्चमध्यें एके संध्याकाळीं हा मनुष्य आपल्या रोव्हर मोटारींत दोन मुलांना घेऊन जेवणासाठीं तळलेले मासे आणावयास निघाला. वाटेंत एका मालगाडीनें मनाई असलेल्या ठिकाणीं वळण घेतलें. नऊ वर्षांची मुलगी जागींच गेली, दोन दिवसांनीं तोहि गेला, मुलगा वांचला.

या गोष्टीवरून कोणी “मग मोटार तरी कुठें सुरक्षित आहे?” असें विचारील, तर तें अर्धवट होईल. तितक्याच अंतराच्या प्रवासांत मोटारसायकलवाल्याला मोटारींतील माणसापेक्षां मरणाचा धोका कितीतरी पटींनीं अधिक असतो. पोटच्या पोराविषयीं आईला वाटणारी भीति मुळींच खोटी नाहीं. पण हेलवुडची गोष्ट एवढें मात्र सांगते कीं, पत्र्याचें कवच आलें म्हणून रस्ता निर्धोक होत नाहीं. फटफटीवाल्याला जी सावधगिरी अंगवळणीं पडलेली असते, समोरचा काय करील याचा जो अंदाज तो सतत घेत असतो, ती शिदोरी त्यानें मोटारींतहि बरोबर न्यावी. घरच्यांनीं त्याला तेवढें बजावावें.

आपल्याकडील एक अनुभव

आपल्या देशांत स्कूटरवर नवरा-बायको व दोन मुलें बसलेलीं पाहून रतन टाटा यांच्या मनांत स्वस्त मोटारीचा विचार आला, हें त्यांनींच सांगितलें होतें. पुण्यास तिच्या घडणीचें बरेंचसें काम झालें, २००८ च्या जानेवारींत नॅनो लोकांपुढें आली, आणि दहा-अकरा वर्षांत बंदहि झाली. उद्देश थोर होता. पण “सर्वांत स्वस्त” हें नांवच तिला भोंवलें. दुचाकीवरून उतरणारा मनुष्य छपराखालीं येतांना मानहि मागत असतो, हें हिशेबांत राहून गेलें.

तेव्हां पुन्हां त्या जेवणाच्या वेळेकडे वळूं. गाडी घ्यावी, हें आईंचें म्हणणें रास्त आहे. मूल झालेल्या घरांत त्याला दुसरें उत्तर नाहीं. परंतु ती घेतांना मुलाला केवळ चाकरमान्याप्रमाणें बरोबर नेऊं नये. निवड त्याला करूं द्यावी. त्याला इंजिनाचा आवाज हवा असेल, हातानें बदलावयाचा गियर हवा असेल, तर तें लाड म्हणून टाकून देऊं नये. जी गाडी आवडते तिची निगा मनुष्य राखतो, आणि निगा राखलेली गाडीच घरच्यांना सुखरूप आणते. आणि फटफटी? ती लगेच विकावयास काढूं नये. पडवींत एका अंगाला राहूं द्यावी. रविवारीं सकाळीं तो ती पुसत बसेल, मूल शेजारीं बसून फडकें धरील, आणि आई आंतून हांक मारतील, “अरे, चहा निवतोय!” एवढी जागा मोठ्या घरांत असावी.