एका कागदावर उभी मोटार

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे सूसहून मोटारीने कन्याकुमारीला गेलो. सूस हे मुळशी तालुक्यातले गाव. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेत आले. गावातून पाषाणच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात मुंबई-बंगळूर महामार्गावरचा पूल लागतो. हा महामार्ग पूर्वी ४ क्रमांकाचा होता. २०१० साली क्रमांक बदलले तेव्हा तो ४८ झाला. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर अशी शहरे गाठत तो चेन्नईला पोचतो. बंगळूरपर्यंत हा रस्ता, पुढे श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि एकूण सुमारे १५०० किलोमीटर, असा आमचा बेत होता.

निघण्याआधी दोन दिवस आमची यादी तयार होती. औषधे, पांघरुणे, खाऊ, पाण्याचे कॅन, मुक्कामाच्या जागा, सगळे काही त्यात होते. गाडीविषयी मात्र एकच ओळ होती: 'पेट्रोल भरणे, हवा बघणे'. आमची मुलगी नववीत आहे. ती यादी वाचून तिने विचारले, "आपल्या गाडीचा रस्त्याला टेकणारा भाग केवढा असतो?" आम्ही अंदाजाने म्हटले, "असेल दोन-तीन चौरस फूट." विज्ञानात आयुष्य घालवणाऱ्यांनी असे अंदाजावर बोलू नये. मग वही घेऊन आम्ही गणित मांडले. त्या गणिताने आमच्या प्रवासाची तयारीच बदलली, म्हणून ते येथे देत आहोत.

गाडी कशावर उभी असते?

आमची गाडी रिकामी असताना साधारण १०५० किलोग्रॅम भरते. चार माणसांचे २५० आणि सामानाचे १०० मिळवले की १४०० झाले. हे वजन चार चाकांवर सारखे विभागले असे धरले, तर प्रत्येक चाकावर ३५० किलोग्रॅम येतात.

टायरमधली हवा आपण 'तेहतीस' सांगून भरून घेतो. म्हणजे दर चौरस इंचावर ३३ पौंड दाब, तोही बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा. आपल्या परिचयाच्या एककात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम होतो. चाकावरचे वजन मुख्यतः ही हवाच पेलत असते. तेव्हा टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ गुणिले दाब बरोबर वजन. ३५० ला २.३ ने भागले तर उत्तर येते सुमारे १५२ चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या बोटांसकट तळहाताचे क्षेत्रफळ जवळपास एवढेच असते.

चार चाकांचे मिळून ६१० चौरस सेंटिमीटर झाले. छपाईच्या ए-४ कागदाचे क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे आम्ही चौघे, आमचे सामान आणि गाडी, सगळे मिळून एका कागदावर उभे असणार होतो. वळताना, थांबताना, पावसात किंवा घाटात गाडीला रस्त्याशी बांधून ठेवणारे दुसरे काहीच नाही. टायरच्या कडाही थोडे वजन पेलतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा निघेल. पण अंदाज बिघडत नाही.

हवा कमी असली तर?

हे गणित झाल्यावर आम्ही हवा 'बघण्या'ऐवजी मोजून घेतली. तीन चाके ठीक होती. मागच्या डाव्या चाकात ३३ ऐवजी २५ निघाली. नुसत्या डोळ्यांना ते चाक इतरांसारखेच दिसत होते. स्टेपनीत १४ होती. ती डिकीच्या तळाशी पडून असल्याने वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिले नव्हते. वाटेत पंक्चर झाले असते, तर अर्धे सामान रस्त्यावर काढून आम्ही हे निरुपयोगी चाक बाहेर ओढले असते.

येथे विद्यार्थी एक चांगली शंका काढतात. हवा २५ असेल तर टेकणारा भाग वाढून २०० चौरस सेंटिमीटर होतो. मग पकडही वाढायला नको का? तसे होत नाही. कमी हवेचा टायर कडांवर जास्त टेकतो आणि मधला भाग पुरेसा दाबला जात नाही. ओल्या रस्त्यावर खालचे पाणी बाजूला सारायला हवा तेवढा दाब मग मिळत नाही.

त्याहून मोठा धोका उष्णतेचा आहे. आमच्या गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर आहे. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जाताना चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा चेपतो आणि पुन्हा फुगतो. रबर चेपायला लागलेली सगळी ऊर्जा ते परत करीत नाही. काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. लोखंडी तार एकाच जागी वारंवार वाकवली की तापते, तसेच हे आहे. हवा जितकी कमी, तितके चेपणे जास्त आणि तापणेही जास्त. कन्याकुमारीपर्यंत चाकाचे आठ लाखांहून अधिक फेरे होतात. टायर फुटण्याचा दोष आपण उन्हाला देतो. पण कमी हवा, जास्त ओझे आणि जास्त वेग हे तिघे मिळून ते काम बरेचसे करून ठेवतात.

आणखी एक गोष्ट. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. पहाटेच्या १५ अंशांवर ३३ असलेली हवा टायर ५० अंशांपर्यंत तापल्यावर ३८-३९ दाखवते. आकारमान स्थिर असताना वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम येथे काट्यावर दिसतो. दुपारी तो आकडा पाहून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी भरते.

थांबायला किती रस्ता लागतो?

कागदाएवढ्या जागेवरून मिळणाऱ्या घर्षणाला मर्यादा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक ०.७ धरू. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरू.

ताशी ६० किलोमीटर वेगाला त्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते आणि पुढे थांबायला २० मीटर घेते, एकूण ३७. ताशी ९० ला २५ आणि ४५ मिळून ७० मीटर. ताशी १२० ला ३३ आणि ८१ मिळून ११४ मीटर. वेग दुप्पट झाला, पण अंतर तिप्पट झाले, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ पर्यंत उतरला, तर ९० ला लागणारे ७० मीटर १०५ होतात.

या हिशेबातला एक सेकंद जाग्या माणसाचा आहे. आमचा बेत शुक्रवारी प्रयोगशाळेतले काम आटोपून रात्री दोनला निघण्याचा होता, कारण तेव्हा रस्ता मोकळा मिळतो. शुक्रवारी आम्ही सकाळी सहाला उठणार होतो. म्हणजे निघताना २० तासांचे जागरण झाले असते. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की १७ तास सलग जागल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्याला न शिवणारे आम्ही, पण कायद्याने ज्याला गाडी चालवू दिली नसती, अशा अवस्थेत मुलांना घेऊन निघणार होतो. चार सेकंदांची डुलकी लागली, तर ९० च्या वेगाने गाडी चालकाविना १०० मीटर जाते.

बेत बदलला. रात्री साडेनऊला सगळे झोपलो आणि पहाटे साडेपाचला निघालो. पहिल्या दिवशी बंगळूर गाठण्याचा हट्टही सोडला; मुक्काम धारवाडला ठरवला.

नवले पुलाचा उतार

चांदणी चौक, वारजे मागे टाकून नवले पुलाशी आलो तेव्हा अजून अंधार होता. तेथून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत रस्ता चढत जातो. आम्ही चढत होतो आणि दुभाजकापलीकडून मालट्रकांची रांग उतरत होती. हाच तो उतार, जेथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालट्रकने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. त्याआधी आणि नंतरही तेथे माणसे दगावली आहेत.

ब्रेकचे काम गतीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करण्याचे आहे. आमची गाडी ९० च्या वेगावरून एकदा थांबली, की सुमारे ४.४ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात सव्वा लिटर पाण्याला उकळी येईल. आता २५ टनांचा मालट्रक घ्या. तो १०० मीटर उंचीवरून उतरला, की त्याची सुमारे २४५ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कोठेतरी जायला हवी. सत्तर लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी ही उष्णता आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला मोठा वाटा अंगावर घेते. डिझेल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे अस्तर फार तापले की त्याचे घर्षणच घटते. चालक पाय दाबत राहतो आणि गाडी थांबत नाही. इंजिन बंदच केले, तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि टाकीत साठलेल्या हवेवर भागवावे लागते.

लहान गाड्यांनाही हे लागू आहे. त्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये काळाने ओलावा शिरतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. लांब उतारावर ते उकळले तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून पेडल नुसते खाली जाते. आमचे ब्रेक ऑइल तीन वर्षे बदललेले नव्हते; या वेळी बदलून घेतले. आणि न्यूट्रलने इंधन वाचते ही समजूतही आता खरी नाही. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुधा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहते.

वर्गासाठी

हे गणित शाळेच्या पटांगणात सायकलवर करून पाहता येते. टायरच्या एका भागाला ओली गेरू लावा, खाली आलेख कागद ठेवा आणि तो भाग कागदावर टेकवा. एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवून दुसऱ्याने ती हलकेच तोलून धरावी. मग चाक उचलून ठशातले चौकोन मोजावेत. दोन्ही चाकांचे ठसे घ्यावेत; मागचा मोठा येईल, तो का हे मुलांना विचारावे. पंक्चरवाल्याकडून हवेचा काटा आणला तर दाब गुणिले क्षेत्रफळ करून वजन काढता येईल आणि काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहता येईल. उत्तरे तंतोतंत जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत, याची चर्चा तासाचा चांगला भाग ठरेल. शेवटी थोडी हवा सोडून ठसा पुन्हा घ्यावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे धारवाडला निघण्यापूर्वी मुलीने काटा घेऊन चारही चाकांची हवा मोजली आणि वहीत लिहिली. मग डिकी उघडून म्हणाली, "स्टेपनी राहिली." सामान काढावे लागले, दहा मिनिटे गेली. आम्ही काही बोललो नाही.