सोंगाचें शिरस्त्राण : पडद्यावरचें आणि खरें

गुढीपाडव्याच्या सकाळीं गिरगांवांत निघणारी शोभायात्रा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांच्या एक गोष्ट लक्षांत आल्यावांचून राहिली नसेल. फेटे बांधून मोटारसायकलींवर आरूढ झालेल्या नऊवारींतील स्त्रिया, ढोलताशांचीं पथकें, उंच उभारलेल्या गुढ्या या सर्वांच्या मधून, वडिलांचें किंवा काकांचें बोट धरून, इतिहासपुरुषांच्या वेषांतील लहान लहान मुलें चालत असतात. कोणी शिवराय, कोणी तानाजी, कोणी बाजीराव. अंगरखा व तलवार बहुधा सारखींच; वेगळेपण असतें तें डोक्यावर. आमच्या वाचकांनीं पुढील पाडव्यास मुद्दाम त्या डोक्यांकडेच पाहावें, अशी आमची सूचना आहे.

बाजारांतून टोप आणावयाचा, मुलाच्या डोक्यावर ठेवावयाचा आणि मिरवणुकींत धाडावयाचें, हे दिवस आतां मागें पडले. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५), ‘तान्हाजी’ (२०२०), ‘छावा’ (२०२५) यांसारखे चित्रपट मुलांनीं एकदां नव्हे, अनेकदां पाहिलेले असतात. विकत आणलेला टोप हातीं पडतांच परीक्षण सुरू होतें : तुरा मधोमध कां, नाकावरची पट्टी इतकी रुंद कशी, मागची जाळी कोठें गेली ? मग कात्री, डिंक व रंग यांची जमवाजमव होते. आजोबा म्हणतात, इतिहासांत होता तसा टोप करा. नातू म्हणतो, चित्रपटांत होता तसाच हवा. आणि आई विचारते, याला घाम किती येईल याचा कोणी विचार केला आहे काय? या तीनहि प्रश्नांचा येथें थोडा परामर्श घ्यावा, असा आमचा मानस आहे.

जिरेटोप हा शब्दच काय सांगतो

‘जिरेटोप’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मोत्यांच्या लडी, शिरपेंच व तुरा असलेलें, पुढें किंचित् निमुळतें झालेलें वस्त्राचें शिरोभूषण येतें. परंतु शब्दाच्या पोटांत लोखंड आहे. फारसी ‘जिरह’ म्हणजे कड्यांचें चिलखत. ‘जिरेबख्तर’ हा जुना शब्द त्याच कुळांतला. अर्थात् जिरेटोप म्हणजे मूळचें कड्यांच्या जाळीचें शिरस्त्राण. वस्तु बदलली, नांव राहिलें.

प्रतापगडच्या पायथ्याशीं १६५९ सालीं झालेल्या भेटीचीं जीं वर्णनें परंपरेनें आपणांपर्यंत आलीं आहेत, त्यांत महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत व पागोट्याखालीं लोखंडी टोप घातल्याचें सांगितलेलें असतें. खरें संरक्षण झांकलेलें होतें, आणि झांकलेलें होतें म्हणूनच तें उपयोगी पडलें. पडद्याची गरज याच्या नेमकी उलट. जें दिसत नाहीं तें प्रेक्षकाच्या लेखीं नाहींच. म्हणून चित्रपटांत लोखंड वर येतें आणि वस्त्र खालीं जातें. यास लबाडी म्हणतां येणार नाहीं. तो त्या माध्यमाचा धर्म आहे. मात्र तो धर्म ओळखून असावें.

पडद्याचें सत्य

देवांच्या मुकुटाचीहि हीच कथा आहे. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्या काळच्या नाटकांतून पुठ्ठा, बेगड व सोनेरी कागद यांच्या बळावर देव आणि राक्षस उभे राहत. पुढें राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं गिरगांवांत छापखाना काढला व तेथील रंगीत चित्रें घरोघरीं देवघरांत गेलीं. राम कसा, सरस्वती कशी, हें त्या चित्रांनीं मनांत पक्कें केलें. दादासाहेब फाळके यांनीं त्याच छापखान्यासाठीं काम केलेलें होतें. त्यांचा दादर येथें तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालच्या मे महिन्यांत गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. चित्रांतला मुकुट हा असा पडद्यापर्यंत चालत आला.

तेव्हांच्या फिल्मची एक खोड होती. तांबडा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे, तो काळा उमटे. निळा मात्र फिकट, पांढुरका येई. म्हणजे हातांतली वस्तु एक आणि पडद्यावरची दुसरी, हा भेद आपल्या चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. पुढें कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून १९२३ सालीं ‘सिंहगड’ काढला. ते स्वतः चित्रकार व मूर्तिकार होते. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या ‘छत्रपति शिवाजी’ या चित्रपटांत चंद्रकांत मांडरे यांनीं महाराजांची भूमिका केली, आणि तेहि कुशल चित्रकार. १९८७ सालीं दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालें, तेव्हां चाळीचाळींतून रामाचे मुकुट तयार होऊं लागले. आजचा नातू करीत आहे तें नवें नाहीं. त्याच्या बापानेंहि तेंच केलें होतें.

टोपाचे चार अवयव

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. फोर्टमधील छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत शस्त्रांचें दालन आहे. अकबर बादशहाचें कवच व ढाल त्याच संग्रहालयांत आहेत. मुलास एकदां तेथें न्यावें, म्हणजे पुढील गोष्टी त्यास शब्दांवांचून कळतील.

पहिला अवयव नाकपट्टीचा. मोगली व इराणी धर्तीच्या खऱ्या शिरस्त्राणांत कपाळावर एक लहानसें घर बसविलेलें असतें. पट्टी त्यांतून खालींवर सरकते व पेंचानें हव्या त्या उंचीवर अडकवितां येते. लढाईंत खालीं, एरवीं वर. बाजारी टोपांत ती रुंद व कायमची चिकटविलेली असते. ती कापून काढावी, जाड फोमची अरुंद पट्टी करावी, आणि पातळ पितळी पत्र्याचें घर कडा आंत दुमडून बसवावें. नटाचा चेहरा दिसावा म्हणून पडद्यावर पट्टी पुष्कळदां वरच असते. मुलासहि तीच स्थिति सोयीची. धातूची पट्टी मात्र मुलाच्या नाकापुढें कदापि ठेवूं नये. गर्दींत एक धक्का पुरे होतो.

दुसरा अवयव तुऱ्याच्या नळ्या. अशा टोपांवर पट्टीच्या दोन बाजूंस दोन नळ्या असतात आणि अगदीं माथ्यावर असतें टोंक. बाजारी टोपांत पुष्कळदां माथ्यावरच एक पीस खोंचलेलें आढळतें. बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे दोन तुकडे सोनेरी रंगवून बसविले, कीं हा दोष जातो.

तिसरा अवयव मानेवरची जाळी. खरी जाळी लोखंडी कड्यांची व चांगलीच वजनदार. रंगभूमीवर व चित्रपटांत तिची एक जुनी युक्ति आहे : जाड सुताची सैल वीण विणून तिला चंदेरी रंग द्यावयाचा. थोड्या अंतरावरून ती हुबेहूब लोखंडाची वाटते. हें काम आजीचें किंवा आत्याचें. मागें एक वीत लांबीची झालर पुरे; ती टोपास कायमची न शिवतां बटणांनीं लावावी, म्हणजे ऊन वाढतांच काढतां येते.

चौथा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा, रंग. नुसता चंदेरी रंग नव्या डब्याच्या पत्र्यासारखा चकाकतो आणि सोंग उघडें पडतें. तो वाळल्यावर काळा रंग पातळ करून सर्वत्र फिरवावा व लगेच ओल्या फडक्यानें पुसावा. खळग्यांत काळसरपणा उरतो, उंचवटे उजळ राहतात, आणि पुठ्ठ्यास पोलादाचें वय येतें. कडेला सोनेरी वेलबुट्टी काढावयाची असल्यास ती बारीक असावी; खऱ्या कोफ्तगारींत पोलादावर सोन्याची तार ठोकून बसविलेली असते, ती जाड दिसत नाहीं. लागणारी जर, मणी व पिसें भुलेश्वराच्या बाजारांत मिळतात.

माप घेतांना भुवयांच्या वर एक बोट सोडून दोरी फिरवावी. टोप थोडा सैल ठेवून आंत स्पंजाचे सुटे तुकडे लावावे, म्हणजे हवा खेळते. वरच्या भागास, तुऱ्याच्या आड, दोनचार भोकें पाडलीं तर कोणास दिसत नाहींत, आणि आईच्या प्रश्नासहि उत्तर मिळतें.

आजोबांचा प्रश्न

राहिला आजोबांचा प्रश्न. एके काळीं महाराजांचें म्हणून जें चित्र महाराष्ट्रांत प्रचारांत होतें, तें वास्तविक इब्राहीमखान नांवाच्या दुसऱ्याच पुरुषाचें होतें. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं खरें चित्र शोधून १९३३ सालीं लोकांपुढें मांडलें, तेव्हां तो भ्रम दूर झाला. चित्राची सत्ता केवढी असते, हें यावरून दिसेल. डोळ्यांस जें वारंवार दाखवावें, तेंच मन खरें मानूं लागतें. आजच्या पडद्याची सत्ता तर त्या एका चित्राहून कितीतरी मोठी.

म्हणून चित्रपटाबरहुकूम टोप करूंच नये, असें आम्ही म्हणणार नाहीं. सोंग तें सोंग. तें ज्याचें घेतलें त्याच्याशीं तंतोतंत जुळावें, ही मुलाची हौस कारागिराची आहे, आणि नळी दोन अंगुळें डावीकडे सरकविण्यासाठीं तासभर बसणारा मुलगा पुढें कोणतेंहि काम आळसानें करणार नाहीं. आमची अट एवढीच, कीं टोप डोक्यावर चढण्यापूर्वीं त्यानें आजोबांपुढें उभें राहून दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं : हा टोप कोणत्या चित्रपटांतला ? आणि खरा टोप याहून कोणत्या बाबतींत निराळा असे ? दोन्हीं उत्तरें ज्यास देतां आलीं, त्यानें खुशाल मिरवावें. सामान्य मावळ्याच्या डोक्यावर लोखंड नसून मुंडासें असे, हें तिसरें उत्तर त्यानें आपण होऊन दिलें, तर आजोबांनीं आपल्या हातानें त्याच्या टोपांत तुरा खोंचावा.