गुरुनाथ नाईकांच्या हेरकथा व त्यांचें जतन

मराठी हेरकथाकार गुरुनाथ नाईक २०२१ सालीं पुण्यास निवर्तले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराहून अधिक भरते. कॅप्टन दीप व मेजर अविनाश भोसले हे त्यांचे लष्करी नायक १९७० नंतरच्या दशकांत मोठ्या वाचकवर्गास परिचित होते. ग्रंथसंग्रहांत मात्र ह्या पुस्तकांना जागा क्वचितच मिळाली.

मोडी दप्तरांकरितां शिरूर व दौंड तालुक्यांत हिंडतांना आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, संशोधकांनीं माळ्यावरील हे गठ्ठेहि सोडूं नयेत. चिंध्यांपासून केलेला जुन्नरी हातकागद दोनशें वर्षांनींहि घडी सोसतो. लांकडी लगद्याचा स्वस्त कागद आपल्याच आम्लानें पन्नास वर्षांत ठिसूळ होतो. म्हणजे येथें घाई अधिक आहे. बखरींतील मजकूर अतिरंजित म्हणून कोणी बखर रद्दींत घातली नाहीं! १९७१ च्या युद्धानंतरचा सामान्य मराठी वाचक शत्रूची कल्पना कशी करी, ह्याचा पुरावा ह्या कथांत आहे.

प्रती मिळाल्यास सपाट ठेवाव्या, सुटीं पानें डिंकानें चिकटवूं नयेत, आणि वाचनालयाचा शिक्का असलेलें पान तर मुळींच काढूं नये. पुस्तक दौंडास वाचलें गेलें कीं घोडनदीस, हें त्यावरूनच ठरावयाचें.