रस्ता, इमारत आणि ओढा एकाच नकाशावर

शहर हिरवं करायचं म्हटलं की आपल्याकडे वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरतो. झाडं हवीतच. पण शहर किती इंधन जाळणार, हे ठरतं त्याच्या बरंच आधी: माणसं कुठे राहणार, कामाला कुठे जाणार आणि पाऊस पडला की पाणी कुठे जाणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर. ही तिन्ही उत्तरं एकत्र दिली तर काय घडतं, हे समजून घ्यायला दक्षिण ब्राझीलमधल्या कुरितिबाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

कुरितिबा ही पाराना राज्याची राजधानी. १९६० मध्ये इथली वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होती. १९८० मध्ये ती दहा लाखांच्या वर गेली. खेड्यांतून लोक येत होते, मोटारी वाढत होत्या. जुन्या आराखड्यात रुंद रस्त्यांची वर्तुळं काढलेली होती, पण ती प्रत्यक्षात आणायची तर मध्यवस्तीतली जुनी घरं पाडावी लागणार होती. १९६५ मध्ये नियोजनासाठी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १९६६ मध्ये नवा आराखडा मंजूर झाला.

नव्या आराखड्याची मूळ कल्पना अशी: शहर चहूबाजूंनी पसरू द्यायचं नाही. मध्यापासून निघणारे काही अक्ष ठरवायचे आणि वाढ त्यांच्याच बाजूने न्यायची. संस्थेच्या उभारणीत असलेले वास्तुविशारद जाइमे लर्नेर १९७१ मध्ये महापौर झाले आणि कागदावरचा आराखडा रस्त्यावर उतरू लागला.

हा अक्ष कसा चालतो ते मधून बाहेर जात पाहू. अगदी मध्ये बसच्या दोन मार्गिका, एक जाणारी आणि एक येणारी. त्यांत दुसरं वाहन शिरत नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना अरुंद, संथ रस्ते. दुकानात किंवा घरी जायचं असेल त्यांच्यासाठी. एक गल्ली ओलांडली की एका बाजूला शहराच्या मध्याकडे नेणारा वेगवान एकेरी रस्ता आणि दुसऱ्या बाजूला बाहेर नेणारा. म्हणजे तीन समांतर रस्ते मिळून एक अक्ष. एकच महाकाय रस्ता करण्याऐवजी आहेत तेच रस्ते वाटून घेतल्यामुळे पाडापाडी फार करावी लागली नाही.

आता खरी मेख. या तीन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात सर्वांत जास्त एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या मानाने बांधकामाची परवानगी, दिला गेला. तिथे उंच इमारती, खालच्या मजल्यांवर दुकानं आणि कचेऱ्या, वर घरं. अक्षापासून जसजसं दूर जावं तसतसा एफएसआय उतरत जातो आणि शेवटी बैठ्या घरांच्या वस्त्या लागतात. बसला प्रवासी हवे असतात आणि दाट वस्तीला बस हवी असते. दोन्ही एकाच आराखड्यात, एकाच वेळी आले तरच दोन्ही टिकतात. आधी इमारती उठू दिल्या आणि मग वाहतुकीचा विचार केला, तर तोवर प्रत्येकाने गाडी घेतलेली असते. एकदा गाडी घरात आली की माणूस बसकडे सहसा परतत नाही.

पहिल्या जलद बस १९७४ मध्ये धावल्या. मेट्रोचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून मेट्रोतली कोणती गोष्ट बसला देता येईल याचा विचार झाला. त्यातून १९९१ मध्ये आले ते काचेच्या नळीसारखे दिसणारे थांबे. नळीच्या तोंडाशी फिरतं फाटक असतं. तिकिटाचे पैसे तिथेच द्यायचे. आतली फरशी बसच्या जमिनीच्या उंचीला. बस येऊन थांबते, दारं उघडतात, दारांतून छोट्या पट्ट्या खाली पडून फलाटावर टेकतात आणि माणसं सपाट चालत आत जातात. पायरी नाही, दारात सुट्या पैशांसाठी खोळंबा नाही. चाकांच्या खुर्चीसाठी थांब्याला उचलयंत्र जोडलेलं असतं. पुढच्याच वर्षी तीन भाग जोडलेल्या, सुमारे २५ मीटर लांबीच्या बस आल्या. एका वेळी २७० प्रवाशांपर्यंत नेणाऱ्या.

थांब्यावर वाचलेली सेकंदं किरकोळ वाटतात. पण गाडी लवकर फेरी पुरी करते, म्हणून तेवढ्याच गाड्यांत जास्त फेऱ्या होतात. इंजिन उभ्याउभ्या कमी जळतं. आणि मुख्य म्हणजे वेळेवर येणाऱ्या बसची माणसाला सवय लागते.

अक्षावर न राहणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी रंगांची व्यवस्था आहे. केशरी बस गल्लीबोळांतून माणसं उचलून टर्मिनलवर आणते. लाल बस अक्षावरून धावते. हिरवी बस मध्यवस्तीत न जाता उपनगरं एकमेकांना जोडते. टर्मिनलच्या आत गाडी बदलली तर पुन्हा तिकीट नाही. लांबून येणारा गरीब कामगार आणि जवळचा प्रवासी, दोघांना भाडं एकच. बस खासगी कंपन्यांच्या आहेत, पण मार्ग आणि वेळा महापालिकेची कंपनी ठरवते. बसमालकांना किती तिकिटं फाडली यापेक्षा गाडी किती किलोमीटर धावली यावर मोबदला देण्याची पद्धत तिथे रुजली, म्हणून एकाच प्रवाशासाठी दोन गाड्यांची शर्यत लागली नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. शहरातून नद्या आणि ओढे वाहतात आणि पूर येत असे. अशा वेळी सरधोपट उपाय म्हणजे ओढा काँक्रीटच्या नाल्यात कोंबणे. कुरितिबाने पूरक्षेत्राची जमीन मोकळी ठेवली आणि तिची उद्यानं केली. १९७२ मध्ये झालेलं बारिगी उद्यान त्यांपैकीच. मध्ये तलाव, भोवती उताराचं गवत. एरवी तिथे लोक फिरतात, मुलं खेळतात. मोठा पाऊस झाला की तलाव फुगतो, पाणी गवतावर पसरतं आणि सावकाश पुढे जातं. पूर रोखण्याची व्यवस्था आणि लोकांची बाग असं दुहेरी काम तीच जमीन करते. गवत कापायला काही उद्यानांत मेंढ्या सोडल्या जात. दगडाच्या जुन्या खाणींचीही अशीच उद्यानं झाली. एका खाणीत तर १९९२ मध्ये पोलादी सांगाड्याचं नाट्यगृह उभं राहिलं.

कचऱ्याचा विचारही याच धाग्यातला. गाडी जाऊ शकत नाही अशा गरीब वस्त्यांत १९९१ पासून चार किलो सुका कचरा आणून देणाऱ्याला एक किलो भाजी-फळं मिळू लागली. वस्ती साफ राहिली आणि जवळपासच्या शेतकऱ्यांचा माल खपला.

हे सगळं आजही तसंच झळाळतं आहे असं मी म्हणणार नाही. कुरितिबात मोटारींचं प्रमाण ब्राझीलच्या मोठ्या शहरांत वरच्या क्रमांकाचं आहे. बसचे प्रवासी घटले. अक्षावरच्या जागा महागल्या आणि गरीब माणूस महापालिकेच्या हद्दीबाहेर फेकला गेला. माझ्या मते ही या प्रयोगाची सर्वांत मोठी उणीव आहे: दाट पट्ट्यात परवडणाऱ्या घरांसाठी पुरेशी जागा आधीच राखून ठेवायला हवी होती. ज्याला बसची सर्वांत जास्त गरज, तोच तिच्यापासून सर्वांत लांब गेला.

कुरितिबाची बस जगभर पोहोचली. बोगोटात २००० मध्ये, अहमदाबादला २००९ मध्ये. पुण्यात तर त्याआधीच, २००६ च्या डिसेंबरात बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरची जलद बस, सुरू झाली. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका उखडलीही गेली. आपण मार्गिका आणली. तिच्या दोन्ही बाजूंचा एफएसआय, तिथवर चालत जायचा पदपथ, वस्तीतून थांब्यापर्यंत आणणारी बस, हे बाकीचं शहर मात्र आणलं नाही. ओढ्यांचंही तेच. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने पुण्यात जो हाहाकार केला, तो ओढ्याची जागा ओढ्याला न ठेवल्याचा परिणाम होता.

आता मेट्रोच्या स्थानकांभोवती जादा एफएसआय दिला जातो आहे. ही दिशा बरोबर आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. तुमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते. बहुतेक लोक स्वतःच्या प्लॉटवर आरक्षण पडलं का, एवढंच बघतात. पुढच्या वेळी एफएसआयचा, बसमार्गांचा आणि पूररेषेचा असे तीन नकाशे शेजारी ठेवून बघा. जिथे ते जुळत नाहीत तिथे लेखी हरकत घ्या, आणि सुनावणीला जाऊन ती मांडा.