मुलाची सीट कधी फिरवायची?

मी सध्या सिरुसेरीला मुलीकडे असतो. नातू तीन वर्षांचा झाला आणि मुलगी म्हणाली, "बाबा, आता त्याची सीट पुढे तोंड करून लावा ना, पाय दुमडतात त्याचे." मी नाही म्हणालो. कारण सांगतो.

गाडी समोरून धडकली की अंग पट्ट्यांत अडकतं, पण डोकं पुढे झेपावतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कोवळी. सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागच्या काचेकडे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटमध्ये दाबली जातात आणि धक्का वाटला जातो. स्वीडनमध्ये तर मुलं चार वर्षांपर्यंत अशीच बसवतात.

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, कलम १९४ ब: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. तोंड कुठे हवं, याबद्दल त्यात काही नाही. पण फौजेत शिकलो, नियम म्हणजे किमान; पुढची काळजी आपली.

म्हणून वाढदिवस बघू नका. मागे तोंड करून बसण्याची वजन-उंचीची मर्यादा सीटवर छापलेली असते, ती भरेपर्यंत फिरवू नका. पाय दुमडू देत, मूल मांडी घालून बसतं. आणि जिथे समोर एअरबॅग चालू आहे, त्या पुढच्या जागेवर ही सीट कधीच लावू नका.

आमचा नातू मागचे ट्रक मोजत मजेत बसतो.