अंधार पडेपर्यंत

१४ सप्टेंबर १९४२, स्टालिनग्राड. वासिली चुइकोव यांनी सोव्हिएत ६२व्या सैन्याची सूत्रं हाती घेऊन दोनच दिवस झाले होते. आदल्या दिवशी मामायेव कुर्गान टेकडीवरच्या त्यांच्या ठाण्यावर असा भडिमार झाला, की टेलिफोनच्या तारा जोडाव्यात आणि त्या पुन्हा तुटाव्यात. रात्रीतच मुक्काम त्सारित्सा नदीकाठच्या भुयारात हलवला.

पहाटे ३. तोफा सुरू. साडेतीनला प्रतिहल्ला. उजाडताच जर्मन विमानं आली आणि पुढे सरकणं थांबलं.

दुपारपर्यंत जर्मन पायदळ रेल्वे स्टेशनच्या परिसरात घुसलं.

दुपारी २. जनरल रोदिमत्सेव भुयारात आले, नखशिखांत धुळीने माखलेले. स्पेनच्या यादवीत लढलेला हा माणूस. त्यांची १३वी गार्ड्‌स डिव्हिजन, सुमारे १०,००० माणसं, व्होल्गाच्या पलीकडे थांबलेली. हजारभर जणांकडे तर रायफलीही नाहीत. चुइकोव यांनी सांगितलं, जड तोफा पलीकडेच ठेवा, त्या नदीवरून मारा करतील. इकडे फक्त रणगाडाविरोधी तोफा आणि उखळी तोफा आणा. शहराच्या ढिगाऱ्यात जवळून भिडायचं होतं. शत्रूच्या इतकं जवळ राहायचं, की त्याच्या वैमानिकाला बॉम्ब टाकताना आपल्याच माणसांची भीती वाटावी.

पण दिवसाउजेडी व्होल्गा ओलांडणं म्हणजे मरणच. रोदिमत्सेव यांची माणसं येणार ती अंधार पडल्यावर. तोवर नावा लागण्याचा नदीकाठचा धक्का हातचा गेला, तर ती उतरणार कुठे? माझ्या मते चुइकोव यांचं खरं सेनापतीपण या चार-पाच तासांत दिसतं. नाहीतर ज्या लढाईवर अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा रचला, ती त्या संध्याकाळीच हातची गेली असती.

राखीव फौज उरली नव्हती. मग दक्षिणेकडच्या तुकडीतून थोडे रणगाडे मागवले. ओडेसा आणि सेवास्तोपोलचे वेढे सोसलेले चीफ ऑफ स्टाफ क्रिलोव यांनी नकाशांवर वाकलेले अधिकारी उठवले, मुख्यालयाचे पहारेकरी गोळा केले, दोन गट केले. एक गट स्टेशनकडून धक्क्याकडे येणारे रस्ते अडवायला गेला. दुसरा 'तज्ज्ञांची घरं' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतींकडे. तिथून जर्मन मशीनगन थेट धक्क्यावर आग ओकत होत्या.

भुयारात हवा कोंडलेली.

रात्र. पेटलेल्या शहराच्या उजेडात नावा दिसत होत्या, त्यामुळे मारा चुकला नाही. पहिले गार्ड्‌स धक्क्याला लागले आणि नावेतून उतरले ते थेट लढाईतच.