सव्वासात मोठे की साडेसात?

मुदत ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता वाचताना पुष्कळ ठेवीदार क्षणभर थबकतात. ७.५ टक्के अधिक की ७.२५ टक्के? पंचवीस ही संख्या पाचापेक्षा मोठी, म्हणून ७.२५ हा दर अधिक, असा समज सहज होतो. अशा वेळी हेच आकडे आपल्या नेहमीच्या बोलीत उच्चारून पाहावेत. ७.२५ म्हणजे सव्वासात आणि ७.५ म्हणजे साडेसात. मग शंकेला जागाच उरत नाही.

गोंधळाचे मूळ वाचनात आहे. दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक दशांशाचा, दुसरा शतांशाचा आणि तिसरा सहस्रांशाचा असतो. ‘सात पॉइंट पंचवीस’ असे म्हटले की अंकांचे स्थान झाकले जाते. ‘सात पूर्णांक पंचवीस शतांश’ म्हटले की ते स्पष्ट होते. पाच दशांश म्हणजे पन्नास शतांश, हेही मग ध्यानी येते.

दुसरी चूक मधले शून्य गाळण्याची. आपल्या देशात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजेच चौसष्ट पैसे होत असत. नव्या पद्धतीत पैसा हा रुपयाचा शतांश ठरला. म्हणून ७ रुपये ५ पैसे ही रक्कम ७.०५ अशीच लिहिली पाहिजे, ७.५ लिहिल्यास ती ७ रुपये ५० पैसे होते.

तिसरी चूक याच्या उलट आहे. सहस्रांश हा दशांशापेक्षा बारीक, म्हणून १०.१२५ ग्रॅम सोने १०.१ ग्रॅमपेक्षा कमी, असे काहींना वाटते. वास्तविक ते २५ मिलिग्रॅमने अधिक आहे.

तुलनेची रीत सोपी आहे. प्रथम पूर्णांक पाहावेत. ते समान असल्यास शेवटी शून्ये जोडून दशांश स्थळे सारखी करावीत. त्याने किंमत बदलत नाही. समजा, ७.४, ७.०५, ७.५ आणि ७.२५ असे दर आहेत. त्यांचा चढता क्रम ७.०५, ७.२५, ७.४०, ७.५० असा लागतो. एक लाख रुपयांवर एका वर्षाचे सरळव्याज अनुक्रमे ७,०५०, ७,२५०, ७,४०० आणि ७,५०० रुपये होईल.

कर्जदाराने हाच क्रम उलट बाजूने वाचावा. ८.०५ आणि ८.५ टक्के यांत ०.४५ टक्क्याचे अंतर आहे. वीस लाख रुपयांच्या येणे रकमेवर ते वर्षाला ९,००० रुपये होते.

कर्मचारी बंधु-भगिनींनी तक्त्यातील सर्व दर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावेत आणि ग्राहकांनी स्वाक्षरीपूर्वी दर अक्षरी वाचून घ्यावा. एवढी दक्षता घेतली, तर योग्य योजनेची निवड करणे सुकर होईल.